उत्तर देऊ नये, ही नम्र विनंती

जूनमधल्या पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी अक्षरशः हात जोडले आणि म्हणाल्या, "मुलांच्या प्रश्नांना कृपया उत्तरं देऊ नका." मूल प्रश्न घेऊन आलं की त्यालाच विचारायचं, "तुला काय वाटतं?" आणि मग त्याच्याबरोबर उत्तर शोधायला निघायचं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "निघायचं म्हणजे नेमकं कुठे?" बाई प्रसन्न हसल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

यंदापासून आमच्या मनूच्या शाळेत पहिली ते पाचवीला इन्क्वायरी बेस्ड लर्निंग, म्हणजे प्रश्न विचारत, शोध घेत शिकणं, सुरू झालंय. पाठ्यपुस्तक आहे, पण 'संदर्भासाठी'. म्हणजे दप्तरात असतं, उघडत नाही. सहा-सहा आठवड्यांची युनिटं असतात, प्रत्येक युनिटला एक मोठा प्रश्न असतो आणि भाषा, गणित, विज्ञान, भूगोल सगळे त्या प्रश्नाभोवती फेर धरतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच आहे, असं पडद्यावर दाखवलं. शिकवणं जिज्ञासेवर चालणारं हवं, शोध घ्यायला लावणारं हवं, चर्चेचं हवं, लवचीक हवं आणि अर्थातच आनंददायी हवं. कोणाला आनंददायी, हा तपशील बहुधा आम्ही शोधून काढायचा होता.

माझ्या नवऱ्याला ही पद्धत सभेतच पटली. तो आयुष्यभर हेच करत आला होता, फक्त त्याला शिक्षणशास्त्राचा आधार नव्हता. त्या आठवड्यात मी विचारलं, "गॅस बुक केलास का?" तर म्हणाला, "तुला काय वाटतं?" मेंटेनन्स भरलास का विचारलं तर, "चल, आपण मिळून शोधू." शोधला. भरला नव्हता.

पहिलं युनिट पाण्याचं. मोठा प्रश्न, 'माझ्या घरी पाणी कुठून येतं?' मी तिसरीत असताना हा प्रश्न दोन गुणांचा होता. 'आपल्याला पाणी नदी, विहीर, तलाव व धरण यांपासून मिळते' एवढं लिहिलं की दोन गुण खिशात. त्यानंतर मी पाण्याचा विचार केला तो थेट फ्लॅट घेताना. मनूला मात्र तीन रकान्यांचा तक्ता करायचा होता. मला काय माहीत आहे, मला काय जाणून घ्यायचं आहे आणि मी काय शिकले. डोना ओगल नावाच्या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1986 मध्ये हा तक्ता मांडला. त्यांना मी ओळखत नाही, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. मनूने पहिल्या रकान्यात लिहिलं, 'नळातून'. दुसऱ्या रकान्याला पुरवणी जोडावी लागली.

धरणातले मासे नळातून का येत नाहीत? आधी पाणी कोणाला मिळतं, आपल्याला की चेअरमन काकांना? पाणी रात्री झोपतं का? टँकरवाले काका कोणत्या नदीचे?

यात नवं काही नाही, हे मला रात्री वाचत बसल्यावर कळलं. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये प्रयोग करून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. पुढे तो शेकडो शाळांमध्ये गेला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. तिथल्या मुलांना काही अडलं की ती 'सवालीराम' नावाच्या माणसाला पत्र लिहीत. सवालीराम असा कोणी माणूस नव्हता. ही कार्यक्रमातली मंडळीच त्याच्या नावाने उत्तरं पाठवत. हे वाचून माझे डोळे भरून आले. अख्ख्या जिल्ह्याला पुरणारा सवालीराम चालवायला तिथे माणसांचा ताफा होता. आमच्या घरात सवालीराम एकटी मी, आणि मला तर उत्तर द्यायचीही परवानगी नाही.

तर पाणी. आम्ही राहतो सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. पावसाळ्यातल्या रविवारी अख्खं पुणं खडकवासल्याला भजी खायला आमच्यावरूनच जातं. पाणी त्याच रस्त्याने उलटं येतं. धरणातून वडगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून मोठ्या नळाने, चावीवाल्याची मर्जी असेल त्या वेळी आमच्या जमिनीखालच्या टाकीत, पंपाने गच्चीवर आणि गच्चीवरून घरात. यातला चावीवाला मनूने स्वतः शोधून काढला. रस्त्यावरचं झाकण उघडून लांबलचक लोखंडी चावी फिरवणारा तो माणूस तिला मुख्यमंत्र्यांपेक्षा मोठा वाटतो. पाण्यापुरतं ते खरंच आहे.

मग पेपरात आलं की धरणसाखळी भरली, साठा 29 टीएमसी. मनूने विचारलं, म्हणजे किती बादल्या? तिसरीच्या गणितात संख्या हजारांच्या घरात थांबतात, पण जिज्ञासेला इयत्ता नसते, असं पालकसभेत सांगितलेलं असल्यामुळे रात्री अकरा वाजता मी आणि नवरा जेवणाच्या टेबलाशी बसलो. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. आमची बादली वीस लिटरची, म्हणजे एका टीएमसीत 141 कोटी बादल्या. नवऱ्याच्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर शून्यं मावेनात, म्हणून त्याने फोन आडवा धरला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून चार हजार कोटींच्या वर बादल्या निघाल्या. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी आकडा ऐकला, बाथरूमकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि आपल्याकडे दोनच भरतात."

दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत. पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे ज्येष्ठ व्यक्तीला विचारायची गरज पडत नाही, ती आपणहून सांगते. पानशेतचा पूर हा सासऱ्यांचा राखीव विषय आहे. 12 जुलै 1961. पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं संपायच्या आधीच फुटायला आलेलं, जवानांनी वाळूची पोती रचून थोपवलेलं. सकाळी ते गेलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला, तेही धरण गेलं आणि पाणी शहरात शिरलं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, घर नारायण पेठेत. वडिलांचा हात धरून पळताना त्यांनी मागे वळून पाहिलं, तर लकडी पूल दिसेना. हे मी लग्न ठरल्यापासून ऐकतेय. दरवर्षी पाणी हातभर वाढतं.

मनू वही घेऊन समोर बसली. वहीत शाळेने दोन चौकोन दिले होते, 'स्वतः पाहिले' आणि 'दुसऱ्याकडून कळले'.

"आजोबा, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"या डोळ्यांनी!"

"तारीख नक्की बारा जुलै?"

"विसरेन कसा?"

मनूने वहीची मागची पानं उलटली. "आत्याआजीचा वाढदिवस नऊ जुलैला असतो. ती पण 1961 ची. तिचा साठावा केला तेव्हा केकवर होतं, फोटो आहे. आणि ती वाईला झाली, पणजीच्या माहेरी. म्हणजे बारा जुलैला पणजी वाईला होती. मग तुम्ही कुणाकडे होतात?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "वाईलाच. नऊ वर्षांच्या पोराला मागे कोण ठेवणार? सासूबाई सांगायच्या ना मला, ढोल्या गणपतीच्या घाटावर दिवसभर डुंबत असायचा म्हणून." ही माहिती आईंनी इतकी वर्षं का राखून ठेवली होती, हा शोधाचा वेगळा विषय आहे. आवाजावरून तरी त्या नेमक्या याच दिवसासाठी थांबल्या असाव्यात.

मनूने दुसऱ्या चौकोनात खूण केली. बाबा संध्याकाळभर कोणाशी बोलले नाहीत. जेवताना मात्र हळूच म्हणाले, "पण पूर आला होता, हे तरी मान्य आहे ना तुला?"

"हो आजोबा," मनू म्हणाली, "त्याला दुसरे स्रोत आहेत."

युनिटच्या शेवटी प्रदर्शन असतं. 'मुलांनी स्वतः केलेलंच आणावं' अशी सूचना आल्यावर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत थर्माकोल कुठे मिळेल, बारा व्होल्टची मोटर कोणाकडे आहे आणि ग्लू गन कोणी देईल का, अशी चौकशी सुरू झाली. प्रदर्शनात एका मुलाने स्वतः केलेलं खडकवासला धरण होतं. त्याचे दरवाजे रिमोटने उघडत. रिमोट त्याच्या वडिलांच्या हातात होता आणि ते मुलाला जवळ येऊ देत नव्हते. आमचाही खर्च काही कमी झाला नाही. फोम शीट, निळा जिलेटिन कागद, चमकी. चमकी अजून फरशीच्या फटीतून निघते. वर्गशिक्षिका चाळीसेक मुलांच्या चाळीसेक तक्त्यांमधून फिरत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हे पुन्हा दर सहा आठवड्यांनी आहे हे स्पष्ट वाचता येत होतं. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी कोणी केलेली ही एवढीच दया असावी.

माझी मामेबहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती पोट धरून हसली. त्यांच्याकडे याला ज्ञानरचनावाद म्हणतात. कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांनी तो असा रुजवला की राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला यायचे. चिंचोके, काड्या, बाटल्यांची बुचं आणि फरशीवर खडूने आखलेले चौकोन, एवढ्या भांडवलावर पोरं आपापली बेरीज-वजाबाकी शोधून काढतात. "पाण्याच्या पाठाला मी पोरांना ओढ्यावर नेते," ती म्हणाली. खर्च किती येतो विचारलं तर म्हणाली, "चपला भिजतात." मला विचाराल तर खरी पद्धत तिची. आमच्याकडे आहे ते पद्धतीचं प्रदर्शन.

पण ओढा नसला तरी आमच्याकडे बादली होती, आणि खरा घोटाळा तिने केला.

मनूच्या तक्त्यातला तो प्रश्न आठवतोय ना, आधी पाणी कोणाला मिळतं? शाळेत त्यांना 'फेअर टेस्ट' शिकवली होती. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मनूने आमची वीस लिटरची बादली उचलली, बाबांचं घड्याळ घेतलं (मुलाखतीनंतर बाबा तिला कशालाच नाही म्हणत नाहीत) आणि शनिवारी सकाळी सात वाजता दोन्ही विंगांमध्ये घरोघरी फिरली. लोकांनी कौतुकाने नळ सोडून दिले. काहींनी बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या आत, 'थुंकू नये'च्या शेजारी, रंगीत स्तंभालेख चिकटलेला होता. ए विंग, चौथा मजला, सव्वा मिनिट. बी विंग, चौथा मजला, साडेचार मिनिटं. खाली लिहिलं होतं, 'बादली तीच. वेळ तीच. मजला तोच. नळ पूर्ण उघडा. माझा अंदाज: बी विंगचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. स्रोत: सोसायटीचे एक वॉचमन. नाव गुप्त.'

आमच्या सोसायटीला वॉचमन एकच आहे.

चेअरमन ए विंगेत, चौथ्या मजल्यावर राहतात. ते संध्याकाळी आमच्याकडे आले, सोफ्याच्या कडेवर टेकले आणि मला शास्त्र समजावू लागले. वरच्या मजल्यांना दाब कमीच असतो वहिनी, गच्चीवरची टाकी जवळ पडते ना, पाण्याला उंची मिळत नाही. ते बरोबर बोलत होते. मनूने आतून ओरडून सांगितलं, "म्हणूनच मी दोन्हीकडे चौथा मजला घेतला, काका."

पुढच्या रविवारच्या सभेला बी विंगेतून झाडून सगळे आले. एरवी गणसंख्या भरत नाही म्हणून आमची सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग उरलेल्यांत उरकली जाते. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. काहींनी आपापली बादली आणली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. व्हॉल्व्ह तपासायला प्लंबर बोलावला गेला. तो अर्धा बंदच निघाला. 'कंपनाने फिरला असावा' अशी नोंद इतिवृत्तात झाली. वॉचमनकाकांची नोकरी शाबूत राहिली, कारण त्यांना काढलं तर पंप कधी लावायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. आता आमची बादली पावणेदोन मिनिटांत भरते. सासूबाई चार भरून ठेवतात. मनूने तिसरा रकाना भरून वही जमा केली, त्यावर बाईंनी हिरव्या शाईत लिहिलं, 'छान! अजून खोलात जाता येईल.'

त्याच रात्री चेअरमनसाहेबांचा फोन आला. आवाजात कमालीचं मार्दव होतं. मुलीचं कौतुक केलं, शाळेचं केलं, आजकालच्या शिक्षणाचं केलं. मग खाकरून म्हणाले, "वहिनी, सहज विचारतो हं. पुढचं युनिट कशावर आहे?"

मी वेळापत्रक पाहिलं. "कचऱ्यावर," म्हटलं. "आपला कचरा कुठे जातो."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. पार्किंगच्या मागे आमचा गांडूळखताचा खड्डा आहे. त्याच्या नावावर सोसायटी मिळकतकरात सवलत घेते आणि त्याच्या झाकणावर दोन मोडक्या सायकली, एक जुनं कपाट आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू ठेवलेले असतात.

सकाळी साडेसहाला मी दूध घ्यायला खाली उतरले, तेव्हा कपाट हललेलं होतं. दोन माणसं फावडी घेऊन खड्ड्यात उतरली होती, आणि चेअरमनसाहेब नाकाला रुमाल लावून, गुगलवर शोधलेल्या एका नंबरवर फोन करून विचारत होते, "गांडुळं किलोवर मिळतात की नगावर?"