सुरगाठ, निरगाठ आणि माझी गाठ

आपल्याला गाठ मारता येते, या समजात मी बेचाळीस वर्षं सुखाने काढली. बुटाची नाडी, लेंग्याची नाडी आणि रद्दीचा गठ्ठा या तिन्ही आघाड्यांवरचा माझा अनुभव दांडगा आहे. म्हणून अंगणातल्या वेलीसाठी मांडव घालायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "एकही खिळा लावणार नाही. सगळे वासे दोरीने बांधणार. पूर्वीची माणसं अशीच बांधायची."

"पूर्वीच्या माणसांना येत होतं रे," बायको म्हणाली.

मी दोन वासे फुलीसारखे धरले आणि दोरी गुंडाळू लागलो. किती गुंडाळायची? संपेपर्यंत. शेवटी टोकाला चार-पाच गाठी, एकीवर एक. प्लास्टर घातलेल्या गुडघ्यासारखं काहीतरी तयार झालं. उचलायला गेलो, तर आडवा वासा शांतपणे फिरून उभ्याला बिलगला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात; माझं तर घर उभंही राहिलं नव्हतं.

दोष दोरीचा आहे, असं मी ठरवलं. (थोडासा होताही. मी चकचकीत नायलॉन घेतलं होतं. ते ताण आला की लांबतं आणि गाठीतून सुळकन निसटतं. अशा कामाला काथ्या किंवा सिसलची खरखरीत दोरी बरी.) पण खरखरीत दोरीतूनही वासा फिरला, तेव्हा निमूटपणे गाठी शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या एका शिबिरात नाव घातलं. तिथे गेल्यावर कळलं, की बाकीचे सगळे शिबिरार्थी दहा-बारा वर्षांचे आहेत.

सरांनी माझ्या हातातल्या दोरीकडे पाहिलंच नाही. ते माझे बूट बघत होते.

"नाडी सारखी सुटते का हो तुमची?"

मी चपापलो. ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

"नाडीच्या पाकळ्या पावलावर आडव्या पडायला हव्यात. तुमच्या बोटांकडून टाचेकडे उभ्या पडल्यात."

उजवं टोक डाव्यावरून आणि मग डावं उजव्यावरून घेतलं, तर ती रीफ नॉट. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावरून घेतलं, की होते ती ग्रॅनी नॉट, आणि ती घसरते. म्हणजे बेचाळीस वर्षं मी रोज दोन पायांत दोन चुका घालून हिंडत होतो. (हिला आजीचं नाव कोणी दिलं कोण जाणे. माझ्या आजीने मारलेली गाठ कापावीच लागायची.)

मग क्लोव्ह हिच, म्हणजे दोरी वाशाला अडकवायची गाठ. बहुतेक बांधण्यांची सुरुवात आणि शेवट हिनेच होतो, त्यामुळे तिला टाळून पुढे जाता येत नाही. सर समोर उभे राहून दाखवत होते आणि त्यांचं उजवं ते माझं डावं होत होतं. सातव्यांदा दोरी वाशावरून गळून पडली, तेव्हा शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, सरांच्या पाठीमागे जाऊन उभे राहा ना." गेलो. पहिल्याच फटक्यात जमली. त्या मुलाशी मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोललो नाही.

स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे आडवा-उभा वासा एकमेकांना बांधायची रीत, शिकताना मात्र माझ्या प्लास्टरचं रहस्य उलगडलं. उभ्या वाशावर, आडवा जिथे टेकणार त्याच्या खाली, क्लोव्ह हिच मारायची. उरलेलं आखूड टोक मोठ्या दोरीला पिळून टाकायचं. मग आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून, असे तीन वेढे, एकाला एक खेटून. इथवर मीही यायचो, फक्त तीनाऐवजी तीस वेढे घ्यायचो. खरी गंमत पुढेच आहे. आता लाकूड सोडायचं आणि दोन वाशांच्या फटीतून दोरी फिरवून त्या वेढ्यांच्याच मुसक्या आवळायच्या. हे फ्रॅपिंग. दोन-तीन फेरे जीव खाऊन ओढले, की दोरी करकरते आणि वासा हलायचं नाव घेत नाही. शेवटी दुसऱ्या वाशावर पुन्हा क्लोव्ह हिच. माझ्या तीस वेढ्यांना कोणी आवळलंच नव्हतं.

रात्री घरी सराव केला. सकाळी बायकोने खुर्ची ओढली, तर टेबल सोबत आलं.

क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली गाठींचा एक ग्रंथ काढला. त्यात ३,८०० हून जास्त नोंदी आहेत. मला पाच शिकायच्या होत्या आणि त्यातली बोलाइन राहूनच गेली. तिच्यात ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि परत बिळात शिरतो. माझा ससा झाडापर्यंत जाऊन तिथेच स्थायिक व्हायचा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने चौकट उभी केली. माझे चारही कोपरे दगडासारखे पक्के. मी अभिमानाने खांद्याने रेटून दाखवलं आणि अख्खी चौकट एका बाजूला कलली. दोरी कुठेच सुटली नव्हती, चौकोनच मोडला होता. "काका, तिरके वासे कुठायत? त्रिकोण असला की कलत नाही." तोच मुलगा. मी तिरके वासे लावले. ते मध्ये एकमेकांवरून जातात, पण टेकत नाहीत, म्हणून तिथे डायगोनल लॅशिंग. टिंबर हिच नावाची गाठ मारून आधी दोघांना जवळ खेचायचं आणि मग बांधायचं. चौकट उभी राहिली. मी तिला लोंबकळलोसुद्धा.

संध्याकाळी दोऱ्या सोडून परत द्यायच्या होत्या. पोरांनी दहा मिनिटांत गुंडाळून दिल्या. माझे तीन कोपरे सुटले, चौथा सुटेना. सकाळी तिथे शेवटची क्लोव्ह हिच आठवली नव्हती आणि सरांची पाठ फिरल्यावर मी मनाने काहीतरी मारून मोकळा झालो होतो. त्या मुलाने प्रयत्न केला. मग सर आले, टोकदार सळई घेऊन. ते मांडी घालून बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि गाठ चारी बाजूंनी न्याहाळली. पोरांनी कोंडाळं केलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच सरांच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं.

"ही कशी मारलीत? एकदा दाखवता का?"

ॲशलीच्या ग्रंथात नसलेली गाठ आपल्या नावावर लागणार, हे मला तेव्हाच दिसू लागलं. नवी दोरी घेतली, सगळ्यांना नीट दिसेल असा कोन साधला आणि सावकाश, प्रत्येक वळसा मोजत, तश्शीच मारली.

सरांनी दोन बोटांनी टोक ओढून पाहिलं. सुरगाठ निघाली.