अकराने भाग जाणारं कुलूप

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेला मी गेलो नव्हतो, म्हणून आमच्या सोसायटीचा खजिनदार मी आहे.

सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची रविवारी ठरली होती आणि बुधवारी रात्री, वर्षभराचा हिशोब पोटात घेऊन, माझा कॉम्प्युटर बंद पडला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं, आत नाक घालून वास घेतला आणि एवढंच म्हणाला, "बोर्ड गेला." म्हणजे मदरबोर्ड, बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो. मी विचारलं, डिस्क? त्याने पुन्हा वास घेतला. डिस्क शाबूत होती.

पुण्याला माझा भाचा असतो. सात मिनिटांपेक्षा जास्त चालणारं कुठलंही संकट आलं की आम्ही त्याला फोन करतो. तो म्हणाला, "मामा, बोर्ड बसवणं हे काम नाहीच. खरं काम त्याच्या आधीचं. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बोर्डावरचे भाग चालवायला शिकवणारे प्रोग्राम, सगळे पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, निदान नेटचा तरी. नेटचा ड्रायव्हर नसेल तर नेट लागणार नाही, आणि नेट नसेल तर ड्रायव्हर उतरवता येणार नाही." मला हे चटकन समजलं. आमच्या सोसायटीच्या कपाटाची दुसरी किल्ली आम्ही सुरक्षित राहावी म्हणून त्याच कपाटात ठेवलेली आहे.

गुरुवारी रजा टाकून डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठला. तिथे कळलं की जुन्या बोर्डाचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, आता इतिहासजमा आहे. म्हणजे प्रोसेसर नवा, आणि रॅमही नवी, कारण जुनी डीडीआर ४ पिढीतली नव्या खाचेत जातच नाही. बोर्ड एएम ५ सॉकेटचा मिळाला. प्रोसेसर रायझनच्या ९००० मालिकेतला. पैसे मोजून झाल्यावर दुकानदार सहज म्हणाला, "बायोस अपडेट कर लेना, साहब. माल थोडा पुराना है."

लोकलमध्ये उभ्याउभ्या भाच्याने अर्थ सांगितला. बायोस म्हणजे बोर्डाला जागं करणारा त्याच्या चिपमधला प्रोग्राम. ह्या जातीचे बोर्ड २०२२ साली बाजारात आले, प्रोसेसर २०२४ च्या ऑगस्टचा. बोर्डाच्या चिपमध्ये जे बायोस भरलेलं आहे ते ह्या प्रोसेसरच्या जन्माआधीचं, त्यामुळे ते त्याला ओळखणारच नाही. लग्नाला न आलेल्या चुलत आत्यासारखं दारातच विचारील, आपण कोण?

आता तयारी. घरात दुसरा कॉम्प्युटर म्हणजे बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप. त्यात पेनड्राइव्ह खुपसला तर लॅपटॉपने लाल पाटी दाखवली, आणि दुसऱ्या मिनिटाला बायकोला तिच्या आयटी विभागाचा फोन आला. "माझी नोकरी घालवायचीये का?" एवढंच ती म्हणाली, पण स्वर असा की मी पेनड्राइव्ह काढून खिशातच घातला. मग सगळं फोनवर उतरवायचं आणि ओटीजीच्या, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह जोडणाऱ्या, शेपटीने पेनड्राइव्हवर ढकलायचं ठरलं.

बोर्डाच्या नावाने शोधलं तर त्याच नावाची चार भावंडं निघाली. एकाच्या मागे एम, एकाच्या मागे वायफाय, एकाच्या मागे नुसता एक्स. त्यातही आवृत्ती १.० वेगळी, १.१ वेगळी. आपली कुठली, ते बोर्डाच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. आईचं पंचांगाचं भिंग आणलं, मोबाईलची बॅटरी लावली. १.१. मग चिपसेटचा ड्रायव्हर, लॅनचा, ब्लूटूथचा, आवाजाचा. वायफायचे दोन होते, दोन वेगवेगळ्या चिपांसाठी. आपल्या बोर्डावर कुठली चिप आहे ते पत्र्याखाली झाकलेलं, म्हणून दोन्ही घेतले. शिवाय दिव्यांच्या रोषणाईचं एक सॉफ्टवेअर, जे सगळ्यांत जड निघालं. तेही घेतलं. फुकट होतं.

बायोसची फाइल मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर हवी, आणि तो फॅट ३२ प्रकारचा, म्हणजे त्या पद्धतीने फाइली मांडणारा, हवा. प्रोसेसर ओळखल्याशिवाय बोर्ड सुरू होणार नाही, म्हणून असल्या बोर्डांना मागे एक बटण दिलेलं असतं. ठरलेल्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह घालायचा, बटण दाबून धरायचं, बोर्ड आपलं आपण बायोस वाचून घेतो. माझ्या ड्रॉवरमधले सगळे पेनड्राइव्ह दुसऱ्याच प्रकारचे. घरात फॅट ३२ एकच होता. आईच्या भजनांचा, ४ जीबीचा, देवघरातल्या छोट्या स्पीकरला कायमचा चिकटलेला.

"पुसणार नाहीस ना?" आईने विचारलं.

"नाही गं. भजनांच्या शेजारी एक फाइल ठेवतोय फक्त."

"कसली?"

"बोर्डाला प्रोसेसरची ओळख पटवणारी."

आईने पेनड्राइव्ह पदराला पुसून दिला.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर बोर्ड बसवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मागची पत्र्याची पट्टी आधी लावायची असते हे सगळं बसवून झाल्यावर आठवलं, म्हणून दोनदा बसवला. स्क्रू नऊ होते, लागले आठ. नववा दिसला तेव्हा तो खिडकीबाहेर जाताना दिसला.

मग बटण. तीन सेकंद दाबून धरलं आणि मागचा बारका दिवा लुकलुकायला लागला. तो लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून मी मिक्सर, गीझर आणि वॉशिंग मशीनवर बंदी घातली. मुलीने विचारलं, लिफ्टचं काय? मी खजिनदार आहे, लिफ्ट बंद करण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. पाच-सहा मिनिटं आम्ही चौघं कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडे तोंड करून बसलो होतो. दिवा थांबला. आईने नमस्कार केला.

सुरू केलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळाच. माझा हात बटणाकडे गेला तेवढ्यात फोनमधून भाचा ओरडला, "मामा, हात लावू नकोस! रॅमची उजळणी चाललीय." नवीन बोर्ड पहिल्यांदा डीडीआर ५ रॅम भेटली की तिच्याशी कुठल्या तालात बोलायचं ते ठरवत बसतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पडद्यावर 'जरा थांबा' एवढं लिहायला काय जातं, हे मला कुणीतरी सांगावं. बायको म्हणाली, "दुकानदार परत घेईल का?" सहाव्या मिनिटाला पडदा उजळला.

आता बायोसमध्ये शिरायचं. त्यासाठी डिलीट दाबत राहायचं असतं. घरात शिरायला डिलीट! आत पाहिलं तर ६००० च्या वेगाची म्हणून विकत घेतलेली रॅम ४८०० ने चाललेली. ती आपणहून पूर्ण वेगाने पळत नाही, एक्स्पो नावाची कळ आपण फिरवावी लागते. फिरवली, साठवली, आणि पुन्हा पडदा काळा. पुन्हा उजळणी. ह्या वेळी कुणी नमस्कार केला नाही.

त्यानंतर जुनी डिस्क लावली आणि निळ्या पडद्याने माझ्याकडे ४८ आकडे मागितले.

दोष माझाच. सोसायटीचा हिशोब म्हणजे लोकांचा पैसा, असं मनात येऊन गेल्या वर्षी मीच डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप लावलं होतं. कुलपाची खूण जुन्या यंत्रातल्या टीपीएम नावाच्या तिजोरीत. यंत्र बदललं की कुलूप मालकालाही चोर समजतं आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट विचारतं. बोर्ड बदलण्याआधी कुलूप थोडा वेळ स्थगित ठेवता येतं, पण त्यासाठी जुना बोर्ड जिवंत लागतो. ही ४८ आकड्यांची किल्ली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवता येत होती, फाइलमध्येही. मी कागदावर छापून घेतली, कारण कागद कुठे जाणार?

स्वयंपाकघरात गेला होता. पाठकोऱ्या बाजूला गणपतीची यादी होती: नारळ अकरा, गूळ दीड किलो, तांदळाची पिठी, हळकुंडं. कागदाने आपलं कर्तव्य पुरेपूर बजावलं होतं. पाचव्या गटावर हळदीचा गोल डाग, त्याखाली ४१७, मग पिवळं काहीतरी, मग ९३. मला तो ३ वाटत होता, बायकोला ८, आईला देवनागरी ६.

भाचा म्हणाला, "मामा, एक आकडाच गेलाय ना? मग सोपं आहे. त्यातल्या प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. टाइप करताना चुकलं तर पकडता यावं म्हणून तसं ठेवलंय."

मी अकाउंट्समध्ये २२ वर्षं काढली, पण अकराची कसोटी मला आठवेना. सातवीतली माझी मुलगी झोपेतून उठून आली आणि पेन्सिल घेऊन बसली. एक सोडून एक अंक घ्यायचे. ४, ७ आणि ९ मिळून २०. उरलेले १ आणि ३ मिळून ४, अधिक तो हळदीखालचा. दोन्ही बेरजांतला फरक शून्य यायला हवा किंवा अकराच्या पटीत. "पाच," ती म्हणाली. "पाच घातला तर फरक अकरा येतो. दुसरं काही बसतच नाही." मग तिने बाकीचे सातही गट तपासले आणि तिसऱ्यात मी एकाला सात वाचत होतो हेही दाखवून दिलं. ४१७५९३. माझा ऊर भरून आला.

बायको म्हणाली, "दहाच तर आकडे आहेत. एकेक घालून बघितले असते तरी झालं असतं."

मुलगी पेन्सिल ठेवून झोपायला गेली.

कुलूप उघडलं. डेस्कटॉपवरची सगळी चित्रं जागच्या जागी, इंटरनेट मात्र नाही. ज्या क्षणासाठी तीन दिवस तयारी केली तो हाच. पेनड्राइव्ह घातला, लॅनचा ड्रायव्हर चालवला, आणि दीड मिनिटात इंटरनेट सुरू. वायफायच्या दोन ड्रायव्हरांपैकी दुसरा बरोबर निघाला. इतकं सुरळीत झालेलं पाहायला घरात कुणीही जागं नव्हतं. भाच्यानेही फोन ठेवला होता. पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करा अशी फिकट अक्षरं उमटली होती, कारण बोर्ड बदलल्यावर त्याच्या लेखी हा कॉम्प्युटरच दुसरा. ते निस्तरायला आणखी अर्धा तास. मग हिशोबाची फाइल उघडली. सगळं शाबूत होतं. जमाखर्चातला ३७ रुपयांचा फरकसुद्धा.

सकाळी साडेपाचला आईने हलवून उठवलं. "माझा पेनड्राइव्ह?"

तो अजून कॅबिनेटच्या मागेच होता. काढून दिला आणि डोळे चोळत तिच्या मागे देवघरापर्यंत गेलो. आईने तो स्पीकरला लावला. काळा पडदा नाही, उजळणी नाही, ४८ आकडे नाहीत. टाळ वाजायला लागले.

"ह्याला नाही बाई काही करावं लागत," आई म्हणाली आणि समईची वात सारायला बसली.