फोटोतलं मागचं काढायचं, म्हणे पाच मिनिटांचं काम!

रात्रीचे साडेअकरा. फोटोशॉपमध्ये भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. टोपीपासून खांद्यापर्यंत पॉलिगोनल लॅसोचे (क्लिक करत कडेनं सरळ रेघा जोडणाऱ्या टूलचे) 200 क्लिक झाले, आणि चुकून डबलक्लिक! सिलेक्शन थेट टोपीला जाऊन मिटलं. भाऊंचा अर्धा गाल गायब, भोवती सिलेक्शनच्या तुटक रेघेच्या मुंग्या मजेत पळतायत.

एका क्लिकमध्ये सारखा रंग निवडणारी मॅजिक वँड म्हणे! कसली डोंबलाची जादू? टॉलरन्स (किती जवळपासचे रंग धरायचे तो आकडा) 32 ठेवला तर पांढऱ्या भिंतीबरोबर पांढरा सदराही गिळते, 10 केला तर भिंतीला गोवर उठतो. फेदर (कडेचा मऊपणा) वाढवला की भाऊंमागे देवासारखं तेजोवलय. (ते मात्र भाऊंना आवडतं.) आणि केस? एकेक उपटून काढू?

फोटोही दहा जणांकडून फिरून आलेला, कडा सगळ्या फुटलेल्या. वर फोन, "फक्त मागचं काढायचंय, झालं का?"

या की, बसा माझ्या खुर्चीत!