परवडत नाही, की घासायचं नाही?

सांगलीला विश्रामबागेत आमच्या कॉलनीचा गणपती बसतो आणि महाप्रसादाला ४०० च्या वर पानं उठतात. यंदा स्टीलची ताटं भाड्याने आणायची की कागदी पत्रावळ्या, यावर बैठकीत बराच वाद झाला आणि पत्रावळ्या जिंकल्या. धाकट्या भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी इकडे जर्मनीत चिडले. त्याचं उत्तर तयार होतं. "ताई, तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय? तुम्हाला परवडतं, आम्हाला नाही परवडत. पर्यावरण हे भरल्या पोटाचं काम आहे."

कागदी म्हणजे ती चंदेरी. तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे तिचं खत होत नाही आणि आमटी सांडलेली ती पत्रावळ रद्दीवालाही हातात धरत नाही. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, त्यानंतर सगळे तिच्यावर आले.

भरल्या पोटाची गोष्ट मी फार वर्षं ऐकते आहे. ती उपाशी माणसाने सांगितली असती तर मी गप्प बसले असते. पण आमच्या कॉलनीत कोण उपाशी आहे? दारात चारचाकी, वर एसी. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे म्हटल्यावर कागदपत्रं गोळा करून अर्ज भरायला याच लोकांना वेळही मिळाला आणि वरचे पैसेही मिळाले. त्यांनी ते केलं हे उत्तमच झालं. मग ताटांपाशीच गाडी का अडते?

आणि परवडत नसलेल्या घरात कसं राहतात हे आम्ही दोघांनीही पाहिलंय. आईच्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फरशीवर दुधाच्या पिशव्या चिकटवलेल्या असायच्या. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पुरता तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. आत थोडं पाणी घालून खळबळायचं, ते पाणी पातेल्यात. मग पिशवी उलटी करून धुवायची आणि ओली असतानाच फरशीवर थापायची. वाळली की आपोआप गळून पडायची. साठलेल्या पिशव्या भंगारवाला वजनावर न्यायचा. आजीच्या मऊ झालेल्या सुती साड्यांची वाकळ व्हायची, वाकळ विरली की तिची फडकी. हे कुणी निसर्गावर उपकार म्हणून करत नव्हतं. परवडत नव्हतं म्हणूनच करत होते. आता त्याच घरातला मुलगा परवडत नाही म्हणून वापरून फेकायचं म्हणतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

(चुलीचं कौतुक मी कधीच करणार नाही. आजीचे डोळे बाराही महिने लाल असायचे. गॅस आला ते देवाने केलं.)

दुसऱ्या बाजूला माझी पुण्यातली भाची, याच भावाची मुलगी. तिला सगळं मनापासून करायचं असतं, म्हणून ती बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, काचेच्या बरणीतला साबण असं ऑनलाइन मागवते आणि महिनाअखेरीला म्हणते, आत्या, हे फार महाग पडतं. बाप आणि मुलगी इतर कशावर एकमत होणार नाहीत, पण पर्यावरणाला पैसे लागतात यावर दोघांचं एकमत. तिला मी सांगते ते अगदी साधं आहे. काही विकत घेऊ नकोस. जुन्या बादलीला बुडाशी भोकं पाड, तळाला वाळका पाला घाल, त्यावर भाजीची देठं, पुन्हा पाला, अधूनमधून आंबट ताक. दीड-दोन महिन्यांत कुंडीपुरतं खत होतं आणि घंटागाडीत टाकायला फक्त सुका कचरा उरतो. पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप घे, नीट उकळून वापरला तर दहा वर्षं जातो. डाळ अर्धा तास आधी भिजत घाल आणि पातेल्यावर झाकण ठेव. यातलं महाग काय आहे?

तिने सेंद्रिय गूळ आणला होता, साध्याच्या दुप्पट भावाचा. रसायनं नकोत हे बरोबरच आहे. पण ऊस कुणी तोडला हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही, आणि आम्ही तर ऊसपट्ट्यातली माणसं. बीडकडून येतात, आपल्याच जत तालुक्यातूनही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पालात झोपलेली पोरं. डब्यावर सेंद्रिय लिहिलं म्हणून त्यांची उचल फिटत नाही. घर नीतीने चालवायचं तर पहिला हिशोब माणसांचा करावा लागतो. भांड्यांना येणाऱ्या बाईंना आठवड्याची एक सुट्टी पगार न कापता देणं बांबूच्या सगळ्या वस्तूंपेक्षा मोठं आहे, आणि ते आज, सांगलीत, आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घराला झेपण्यासारखं आहे.

आता इकडचं. मी जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात राहते. २०२२ पासून इथे बाहेरून घेतलेल्या खाण्यापिण्याच्या टाकाऊ भांड्यांवर कर आहे: कपाला किंवा ताटलीला ५० सेंट, चमच्याला २० सेंट. तेव्हा इथेही हेच ओरडणं झालं, दुकानदारांना परवडणार नाही, गिऱ्हाईक तुटेल. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५ च्या जानेवारीत शहर जिंकलं. कॉफी प्यायचं कुणी थांबवलेलं नाही. लोक आपला कप बरोबर नेतात.

भावाला मी हे सांगितलं की तो म्हणतो, जर्मनी श्रीमंत आहे. मला सांगायचंय ते नेमकं उलट आहे. इथे भांडी घासणारा माणूस फार महाग आहे. किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होतं. माझ्याकडे घरकामाला कुणी नाही, कारण मला परवडत नाही. आमच्या घराची केअरवोखे, म्हणजे सफाईची आठवड्याची पाळी, मी स्वतः करते, जिना पुसते, बायोटोन, म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा, रस्त्याकडेला नेऊन ठेवते. आमच्या फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या, उन्हाळी जत्रेला गेशिरमोबिल, म्हणजे भांडी आणि ती धुण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने येतं, चिनी मातीच्या ताटल्या येतात आणि त्या धुवायला पाळीपाळीने आम्हीच उभे राहतो. गेल्या खेपेला माझ्या शेजारी एक निवृत्त न्यायाधीश होते. बाह्या वर करून, कमरेला अ‍ॅप्रन बांधून ते काटेचमचे पुसत होते.

जिथे श्रम महाग आहेत तिथे ताटं धुतली जातात. सांगलीत ती घासायला चार बायका दिवसाच्या रोजावर मिळतात, आणि तिथे म्हणे परवडत नाही. मी भावाकडून आकडे घेतले. ताटांचं भाडं, बायकांचा रोज, त्यांचं जेवण धरूनसुद्धा फरक घरटी एका वडापावाच्या आसपास येत होता. खोलात विचारलं तेव्हा तो म्हणाला, बायका ऐनवेळी येत नाहीत, मग घासणार कोण? इथे खरं बाहेर आलं. अध्यक्ष घासणार नाहीत, खजिनदार घासणार नाहीत, आणि माझा भाऊही घासणार नाही. अडचण पैशाची नाही, हात खरकटे करण्याची आहे. कुणाचे हात खरकटे व्हायचे हे आपल्याकडे जन्माने ठरलेलं असतं, आणि ते हात आले नाहीत की आपण प्लास्टिक आणतो.

हे आपल्या मातीत नाही असंही नाही. आईच्या माहेरी, तासगाव तालुक्यात, सप्त्याला गावकीची भांडी निघायची. देवळामागच्या खोलीत ठेवलेली मोठी पातेली, पराती, ताटं. जेवण झालं की आपलं ताट आपण धुवायचं, मामाने सुद्धा. गेशिरमोबिल पाहिलं तेव्हा मला इथलं काही नवं वाटलंच नाही. जर्मन मैत्रिणीला मी लगेच सांगितलं, आमच्या गावात हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. अभिमानाने सांगितलं.

तो अभिमान मी इथे सतत वापरते. भारतातल्या कचऱ्याचे फोटो दाखवून ऑफिसात कुणी हळहळलं की मी ऐकवते, तुमचा माणशी कार्बन वर्षाला सात टनांच्या वर, आमचा दोनच्या आसपास. तुमच्या काकड्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या, तुमचा प्लास्टिकचा कचरा तुर्कस्तानात जातो. दुधाच्या पिशव्यांची गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितलीय की मुलं हसतात. इथे माझी सगळी मिरास ती फरशी आणि ती वाकळ आहे. माझ्याजवळ सांगायला दुसरं सांगलीपण उरलेलं नाही. म्हणून फोनवर प्लास्टिकचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. तिथे चंदेरी पत्रावळ आली तर मी इथे कुठल्या तोंडाने बोलायचं?

आणि तिथे मी कोण आहे? मागे एकदा गणपतीत गेले होते, तेव्हा महाप्रसादानंतर पातेली घासायला नळापाशी बसले. दोन मिनिटांत हातातला काथ्या काढून घेतला. "ताई, तुम्ही पाहुण्या, तुम्ही बसा." माहेरवाशिणीने काम करू नये हे प्रेम आहे, मला कळतं. पण जिला घासू देत नाहीत तिचं मतही पाहुणीचंच धरतात. ट्युबिंगेनमध्ये मला कुणी पाहुणी म्हणत नाही, सरळ पाळी लावतात. ज्या गावात माझं बालपण आहे तिथे मला खुर्ची मिळते, आणि जिथे माझी भाषा कुणाला येत नाही तिथे मला काम मिळतं. हे फार लागतं.

भाऊ शेवटी विमानावर येतो. वर्षातून एकदा उडत येतेस त्याचा धूर मोज म्हणतो. मोजलाय. जाऊन-येऊन माणशी एक टनाहून जास्तच होतो, म्हणजे सरासरी भारतीयाच्या अर्ध्या वर्षाहून अधिक. आई तिथे आहे तोवर मी येणार. त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. पण माझ्या विमानाने त्याची पत्रावळ स्वच्छ होत नाही.

त्याला हे कळत नसतं तर मी सोडून दिलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातलं मामाचं घर बुडालं होतं. पाणी उतरल्यावर भावाने आठवडाभर तिथे चिखल उपसला. गटारातून काय काय निघालं, पिशव्या, ग्लास, पत्रावळ्यांचा लगदा, ते त्याने खोऱ्याने ओढून काढलं. मी तेव्हा इथून फोटो पाहत होते आणि पैसे पाठवत होते.

बैठकीचा निर्णय अजून फिरू शकतो. भाडंही नको, रोजही नको, प्रत्येक घराने आपापली ताट-वाटी घेऊन यावं आणि जेवून घरी न्यावी. याला एक रुपया लागत नाही. भाऊ म्हणतो, बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. आता तरी तो परवडण्याचं बोलला नाही. पहिलं ताट त्याने स्वतःच्या घरातून आणावं, आईचंही आणावं, एवढं मी त्याला सांगितलंय. तो बघतो म्हणालाय. रविवारी मी पुन्हा फोन करणार आहे.