कोल्हापुरी बादलीत बुडवून अस्सल ठरत नाही

मृगाचे ढग दिसायला लागले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. 'अस्सल कोल्हापुरी चप्पल ओळखायची तर पाण्यात बुडवा, रंग सुटला तर डुप्लिकेट. अस्सल निघाली की रात्रभर खोबरेल तेलात ठेवा, वॉटरप्रूफ होते. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने रंग पक्का होतो. भिजलीच तर कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवा. पावसाळाभर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवा.' खाली हात जोडलेले. या सल्ल्यांपायी चांगल्या जोडाचं वाटोळं झालेलं मी घरातच पाहिलंय, म्हणून हा खटाटोप.

आधी ती बादली. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. सालीतला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, कातड्याच्या तंतूंना धरून बसतो; पण सगळा नाही. जो मोकळा राहतो तो पाणी लागलं की कोऱ्या चहासारखा बाहेर येतो. वरून हाताने रंग दिलेला असेल तर तोही थोडा सुटतो. उलट रेक्झिनची चप्पल आठवडाभर बुडवून ठेवा, पाणी बहुधा नितळच राहील. म्हणजे या परीक्षेत अस्सल माल नापास आणि नकली पहिला! २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना मिळून. त्यातल्या कुठल्याही गावच्या कारागिरासमोर नवा जोड बादलीत टाकून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते! पारखायचंच असेल तर तळाची कड बघा. कातड्याचे थर दिसतात, कापलेल्या जागी बारीक तंतू दिसतात, शिवण कातडी वादीची असते. आणि नाकाजवळ धरा.

तेलाची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त धोक्याची. नवं पायताण चावतं तेव्हा पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवायची पद्धत जुनीच आहे. पण बोट फिरवणं वेगळं आणि भज्यासारखं बुडवणं वेगळं. माझ्या धाकट्या भावाने तो प्रयोग केला. सकाळी मधाच्या रंगाचा जोड गुळाच्या काकवीसारखा काळपट झाला होता आणि तो रंग पुन्हा उजळला नाही. तंतू तेलाने गच्च भरले की तळ ढिला पडतो, चपलेचा अंगठा सैल होतो, पाऊल चपलेबाहेर घसरायला लागतं. एवढं करून पाणी थांबतं का? नाही. तेलाने ते थोडं उशिरा मुरतं इतकंच. टाक्यांच्या भोकांतून तर सरळ आत जातं. वर दमट हवेत त्या तेलावर बुरशी पोसते ती निराळीच.

त्यापेक्षा मधमाशीच्या मेणाचं पॉलिश बरं. आधी तळाकडच्या, न दिसणाऱ्या जागी लावून रंग किती गडद होतो ते बघायचं, मग पातळ हात मारून कोरड्या फडक्याने घासायचं. अचानक आलेली सर निभावते. डबकं निभावत नाही, आणि निभावेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मीठ-व्हिनेगर हे कापडाच्या रंगाईतलं उसनं ज्ञान. आम्लाने रंग धरतो तो लोकर-रेशमावर, तेही जवळजवळ उकळत्या पाण्यात. ती उष्णता कातड्याला सोसणारच नाही. मीठ मात्र वाळल्यावर पांढरं फुटतं आणि हवेतली ओल ओढत बसतं.

आता वाळवणं. सालीने कमावलेलं ओलं कातडं साधारण ७०-८० अंशांना आकसायला लागतं, आणि ड्रायरचं तोंड जवळ धरलं तर तेवढी धग सहज लागते. मग पट्टा पापडासारखा कडक. उन्हात एक बाजू आधी वाळते. पाणी तिकडे सरकताना सुटलेला रंग बरोबर नेतं आणि कडेला गडद रेघ सोडतं. त्यामुळे एकाच जागी पाणी सांडलं असेल तर अख्खा पट्टा ओलसर फडक्याने सारखा पुसून घ्यायचा आणि जोड पंख्याखाली, सावलीत, उभा करून ठेवायचा. दोन दिवस लागले तर लागू देत. प्लास्टिकच्या पिशवीबद्दल काय बोलायचं? आषाढात त्यात ओल कोंडा आणि गणपतीत हिरवी मखमल बाहेर काढा. जुन्या सुती कापडात, हवेशीर जागी ठेवायचं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला नडली. ओली चप्पल मी लोखंडी स्टँडवर वाळत टाकली होती. दुसऱ्या दिवशी तळावर गजाच्या तीन निळसर-काळ्या रेघा. घासल्या, धुतल्या, हलेनात. लोखंड, किंवा हिराकससारखा लोखंडाचा क्षार, आणि टॅनिन ओलीत भेटले की काळी शाई तयार होते. जोड घेऊन चप्पल शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला आणि हसले. "हिरडा नि हिराकस घालून आमचे आजोबा असाच काळा रंग करायचे, दादा. तुम्हाला फुकटात मिळाला."