खांदा दुखतो, म्हणून हलकी बंदूक घ्या म्हणे!

‘अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाताय? खांदा दुखतो? मग हे वाचाच!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या तिकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘एका अनुभवी शिकाऱ्याकडून’ एवढंच. एरवी मी सोडून दिलं असतं. पण तो माझ्या दाजींपर्यंत पोचला, आणि तोही नागपूरच्या काकांमार्फत, ज्यांनी जत्रेतले फुगे सोडले तर आयुष्यात कशावर नेम धरलेला नाही. दाजी पेनसिल्व्हेनियात राहतात. त्यांच्या उजव्या खांद्याची फाटलेली कंडरा शिवलेली आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तिथला रायफलचा हंगाम उघडतो, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच रानात जायचं त्यांच्या मनात आहे. संदेश वाचून त्यांनी मला विचारलं, ‘मग .३०० विन मॅगच घेतो ना? साडेसहा पाउंडांची छान हलकी मिळतेय.’ (.३०० विन मॅग हे एक दांडगं काडतूस. रायफल तिच्या काडतुसाच्या नावाने ओळखतात, आणि नावातला टिंबापुढचा आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचात.)

नाही, दाजी. हे सगळं त्या एका ‘नाही’चं स्पष्टीकरण.

(भारतातल्या वाचकांसाठी एवढंच की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे. इथलं सगळं अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, तिथल्या परवान्यावर आणि तिथल्या हंगामात. ज्यांना शिकारच पटत नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, माझं काही म्हणणं नाही.)

‘खांदा दुखत असेल तर वजनाला हलकी बंदूक घ्या, म्हणजे खांद्यावर भार येत नाही.’

अख्ख्या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे, आणि पटकन पटतं म्हणूनच घातक. दुखऱ्या खांद्याचा खरा वैरी बंदुकीचं वजन नसतं, झटका असतो. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच घेऊन बंदूक मागे येते. काडतूस तेच असेल तर संवेगही तोच. मग बंदूक जितकी हलकी, तितकी ती जोरात मागे येणार. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अकरावीचं भौतिकशास्त्र आहे हे, त्याला अनुभवी शिकारी लागत नाही.

आता आकडे. बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या अमेरिकी कारखानदारांची सॅमी ही संस्था १९२६ पासून या धंद्यातली मापं ठरवते. झटका मोजायचं तिचं सूत्र कुणालाही वाचता येतं. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात दारूचं वजन गुणिले वायूचा वेग मिळवायचा (रायफलसाठी तो गोळीच्या वेगाच्या पावणेदोन पट धरतात), आणि या बेरजेला बंदुकीच्या वजनाने भागायचं. आला बंदुकीचा मागे येण्याचा वेग. त्यावरून ऊर्जा काढायची.

दाजींना आवडलेल्या .३०० विन मॅगचं १८० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळीचं काडतूस यात घालून पाहिलं. बंदूक आठ पाउंडांची असेल तर झटका साधारण ३२ फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप). तीच साडेसहा पाउंडांची घेतली तर ४०. म्हणजे ‘भार कमी’ करण्याच्या नादात खांद्यावरचा मार जवळजवळ पाव हिश्शाने वाढला. आता .२४३चं १०० ग्रेनच्या गोळीचं काडतूस घ्या: आठ पाउंडांच्या बंदुकीतून जेमतेम साडेदहा. ६.५ क्रीडमूर साधारण १३, ७ मिमी-०८ चौदा-पंधरा, .३०८ सतराच्या आत, आणि आजोबांच्या काळापासून चालत आलेली .३०-०६ बावीसच्या पुढे. दारूच्या मापाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलत नाही. शिवलेल्या खांद्यावर ४० घ्यायचे की १०, एवढाच प्रश्न आहे.

आता कुरकुरत का होईना, एक मान्य करते. वजनाचाही त्रास होतो. पट्टा दुखऱ्या खांद्यावर अडकवून डोंगर चढायचा, मग उभ्याने आठ पाउंड हातात तोलून धरायचे, हे खांद्याला नकोसंच असतं. पण त्याला तोडगे आहेत. पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या, चाल कमी ठेवा, तिकाटणं न्या किंवा मचाणाच्या कठड्यावर बंदूक टेका. वजन टेकवता येतं, झटका टेकवता येत नाही.

‘गोळ्या झाडून झाडून खांदा तयार होतो. हंगामाआधी महिनाभर रोज वीस बार टाका.’

हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणून बसवा. कंडरा म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे, की मार खाऊन फुगेल. शिवलेली कंडरा हाडाला नीट धरायलाच महिने लागतात, आणि दस्त्याचा, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाचा, मार त्या खांद्यावर कधी चालेल हे सर्जनने सांगायचं असतं, ग्रुपवरच्या निनावी माणसाने नाही. मुरगळलेला पाय धावून बरा करा म्हणण्यासारखं आहे हे.

बरं, खांद्याचं सोडा, नेमाचं काय होतं ते पाहा. झटक्याची भीती सरावातच अंगात भिनते. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आपसूक पुढे ढकलला जातो, नळी खाली झुकते. आपल्याला कळतही नाही, कारण गोळी सुटतानाच्या दणक्यात ते झाकलं जातं. ओळखायची युक्ती सोपी आहे. मित्राला बंदूक भरायला सांगा, आणि मधूनच त्याने न सांगता नकली काडतूस घालावं. चाप ओढल्यावर बार होत नाही आणि नळी मात्र हिसका खाते, ते पाहून भले भले शरमतात. अशा माणसाची गोळी हरणाच्या फुप्फुसात जात नाही, पोटात जाते. मग ते हरिण तासन् तास तडफडत फिरतं, आणि बॅटरीच्या उजेडात पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत बसावं लागतं. मोठ्या काडतुसाने ही चूक झाकली जात नाही. पोटात लागलेली .३०० ही पोटात लागलेलीच असते.

सराव हवाच, भरपूर हवा, पण .२२ या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर. तिला झटका नावालाच असतो आणि श्वास, नेम, चाप हे सगळं तिच्यावर शिकता येतं. घरी रिकाम्या बंदुकीवर चाप ओढायचा सराव करा (आधी दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून). खऱ्या काडतुसाचे बार दुर्बीण जुळवण्यापुरते, एका बैठकीत मोजकेच. तेसुद्धा शक्यतो टेबलावर ओणवं होऊन नको. ओणव्या माणसाचं धड मागे हलत नाही, त्यामुळे सगळा मार एका जागी बसतो. उभ्याने टेकू घेऊन झाडलं तर शरीर झटक्याबरोबर मागे जातं.

‘प्रत्यक्ष हरणासमोर झटका जाणवतच नाही.’ हे अर्धं खरं आहे. त्या क्षणी मलाही जाणवत नाही. पण न जाणवणं आणि न लागणं यांत फरक आहे. कंडरेला तुमच्या उत्साहाशी काही देणंघेणं नसतं. ती दुसऱ्या दिवशी बोलते.

‘.२४३ ही बायका-मुलांची बंदूक. जिम कॉर्बेटसुद्धा मोठीच वापरायचा.’

मी बाई आहे आणि .२४३ वापरते, तेव्हा पहिल्या वाक्याबद्दल आभार. १९५५ पासून या काडतुसाने किती हरणं पडली असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. पण कोलोराडो राज्याचा नियम छापील आहे: हरणासाठी किमान .२४ इंच व्यासाची आणि किमान ७० ग्रेनची, लागल्यावर फुलणारी गोळी. .२४३ त्यात आरामात बसते. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात तर बरेचसे बार शंभर यार्डांच्या आतले असतात.

कॉर्बेटचं म्हणाल, तर त्याच्याकडे .४५०/४०० ची जोडनळी होती, कबूल. पण चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्याला जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजेच जर्मन ७×५७ मॉझर. आजची ७ मिमी-०८ ताकदीने तिच्या शेजारीच बसते. संदेशकर्त्याने कॉर्बेटला साक्षीला बोलावलं खरं, पण साक्षीदार उलटला.

म्हणून दाजींना माझं सांगणं: .२४३ किंवा ७ मिमी-०८, दुर्बिणीसकट आठ पाउंडांच्या आसपास, बोल्टची (म्हणजे दर वेळी हाताने खटका मागेपुढे करून पुढचं काडतूस चढवायची). पेनसिल्व्हेनियात हरणासाठी हाताने चालवायचीच रायफल लागते, त्यामुळे ‘सेमी-ऑटोमॅटिक घे, झटका कमी लागतो’ हा तिसऱ्याच ग्रुपवरचा सल्ला तिथे निकामी आहे. उजवा खांदा अजिबातच नको असेल तर डाव्या खांद्यावरून शिकता येतं, डाव्या हाताच्या बोल्टच्या रायफली मिळतात. फक्त मग नळीखालचा आधार उजव्या हाताचा होतो आणि तो दुखरा खांदा वर उचलावा लागतो, म्हणून टेकू हवाच. आणि सर्जनने यंदा नाहीच म्हटलं, तर तिथल्या धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो चालतो. हँडल फिरवून दोरी ताणायची, झटका नगण्य. ओहायोत राहणाऱ्यांना मात्र यातली एकही रायफल हरणावर चालत नाही. तिथे सरळ भिंतीचं, मान न आवळलेलं काडतूस लागतं. त्यांनी .३५० लेजंड पाहावी, झटका आठच्या आसपास.

‘जाड रबरी पॅड आणि मझल ब्रेक लावला की झटका संपला.’ (मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा, वायू बाजूला सोडणारा तुकडा.) चांगला पॅड मार पसरवतो, जरूर लावा. पण वरून चढवायचा जाड पॅड दस्ता लांब करतो. त्यात थंडीचा जाड कोट. दस्ता मग छातीजवळच्या खोबणीत न बसता सरकून नेमका सांध्यावर येतो. पॅड लावला तर दस्त्याची लांबी कमी करून घ्या. मझल ब्रेकने झटका खरंच बराच उतरतो, यात वाद नाही. पण आवाज मागे तुमच्या आणि शेजारच्याच्या कानावर येतो. १४० डेसिबलचा दणका कानाला इजा करतो, आणि रायफल ब्रेकशिवायसुद्धा त्याच्या वर असते. सायलेन्सर झटका आणि आवाज दोन्ही कमी करतो. त्यावरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, नोंदणी मात्र करावीच लागते. कानात बोळे यातल्या प्रत्येक बाबतीत घालायचे.

शेवटचा मुद्दा बंदुकीचा नाही, पण संदेशात आहे आणि त्यात तुरुंग आहे: ‘एच-वन-बीवाल्यांनी काळजी करू नये, शिकारीचा परवाना काढला की बंदूक कायमची आपली.’ परवान्यावर बंदूक बाळगता येते, एवढं बरोबर आहे. केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही, आणि वैध शिकार परवाना हा त्याला दिलेला अपवाद आहे. ‘कायमची’ मात्र चूक. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. १ जुलैला नवा हातात नसेल आणि दुसरा कुठला अपवाद लागू नसेल, तर कपाटात पडलेली बंदूक हाच गुन्हा. दाजींकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांना हे लागू नाही. ज्यांना लागू आहे त्यांनी बंदूक घेण्याआधी वकिलाला विचारावं, आणि परवाना जूनमध्येच, नवा विकायला आल्या आल्या, काढून ठेवावा.