आंब्याच्या वाडग्याला चकाकी का नाही: ग्राहकताईंच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की आंब्याच्या लाकडाच्या वाडग्याला चकाकी नाही, चार वेळा धुतल्यावर तो पांढरट आणि खरखरीत झाला, शेंगतेल चोळलं तर वास मारायला लागला, आणि आम्ही पॉलिशचे प्रयोग गिऱ्हाइकांवर करतो. शेवटचं सोडून बाकी सगळं बरोबर आहे.

चकाकी हवी असेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे चकचकीत पॉलिश मारायचं. शोभेच्या फुलदाणीला मी तेच मारतो. पण तो लाकडावर बसलेला पापुद्रा असतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात आकसतं, वर चमचा घासतो. पापुद्र्याला एकदा चीर गेली की पाणी खाली शिरतं, काळे डाग पडतात आणि घरी काही करता येत नाही; सगळं खरवडूनच काढावं लागतं. ज्यात शेंगाचटणी काढायची, भाकरी कुस्करायची, त्या वाडग्याला हे मी लावणार नाही, विक्री कमी झाली तरी चालेल.

लाखही लावून बघितली. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणानं वितळून बसते, रूप फार देखणं येतं. गरम आमटी ओतली की मात्र पांढरे डाग. मधमाश्यांचं नुसतं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं; मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला वाडगा हाताला चिकटतो.

म्हणून खाण्याच्या वाडग्याला कच्चं जवसाचं तेल आणि वरून मेणाचा अगदी पातळ हात. जवस हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. त्याला आठवडे लागतात, म्हणूनच ऑर्डर उशिरा मिळते. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल लवकर वाळतं, पण वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. सध्या करडईचं तेल तपासतोय. आपल्याच रानातलं, जवसापेक्षा सावकाश वाळतं, पण तेवढं पिवळं पडत नाही. हे प्रयोग उरलेल्या तुकड्यांवर आणि आमच्या घरच्या जेवणातल्या वाडग्यांवर चालतात. पटल्याशिवाय विक्रीच्या मालाला काही लागत नाही.

शेंगतेल वाळतच नाही, ते लाकडात खवट होतं. तुम्हाला आला तो वास त्याचाच. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं वाडगा धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा. पाण्यानं लाकडाच्या रेषा उभ्या राहतात, त्यामुळे खरखर लागते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा. मग खायचं जवस तेल चोळून पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा आणि आठवडाभर वापरू नका. पीयूवर हे करता येत नाही. एक मात्र जपा: तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

हे करायला वेळ नसेल तर वाडगा दुकानात आणून द्या, मी करून देतो, पैसे नाहीत. चकाकीच हवी असेल तर सुक्या मेव्यासाठी केलेला पीयूचा वाडगा बदलून घ्या. आणि दोन्ही नको असेल तर बिल घेऊन या, रक्कम परत देतो.